चौथी ताटली

जालना, २३ एप्रिल २०२४

आदरणीय दैवशाला मॅडम,

सादर नमस्कार. आपली ओळख नाही. मी आसिफा, मूळची परतूरची. एमआयडीसीतल्या आपल्या बियाणे कंपनीत दोन वर्षांपासून तुमच्या टेबलावर बसते. तुमच्या सहा वह्या ड्रॉवरमध्ये आहेत आणि अडलं की मी त्याच काढते. तुम्हाला फोन करू नये, लिहावं, असं मला एकांनी सांगितलं, म्हणून हे पत्र. आपला टेम्पो दर बुधवारी बीजोत्पादकांकडे आष्टीला येतो. त्याच्यासोबत पाठवते.

लेबल छापणारा तुमचा छोटा प्रोग्राम, ती प्रोसिजर, अजून चालू आहे. तिला तीन गोष्टी द्याव्याच लागतात: लॉट नंबर, वाण आणि उगवणशक्ती. चौथा पॅरामीटर फेरतपासणीचा. जुना माल पुन्हा तपासला असेल तर तो नवा आकडा द्यायचा आणि लेबलवर तोच येतो. चौथ्यापुढे तुम्ही वहीत ‘ऐच्छिक’ लिहिलं आहे. मी मार्चमध्ये ताज्या मालाच्या लेबलसाठी वेगळी स्क्रीन केली. ताज्या मालाची फेरतपासणी नसते, म्हणून तिथून प्रोसिजरला कॉल करताना मी तीनच पॅरामीटर दिले.

गेल्या गुरुवारी सोयाबीनचे दोन लॉट लागोपाठ छापले. पहिला जुना माल, फेरतपासणीत ८२ टक्के. दुसरा ताजा, तपासणीत ६३. सत्तरच्या खाली लेबल निघूच नये, प्रोग्राम तिथंच थांबतो. पण तो थांबला नाही. दुसऱ्या लॉटवरही ८२ छापून आलं.

पिशव्या शिवणाऱ्या झुंबरबाईंनी ते पकडलं. मला हाक मारून म्हणाल्या, “ये पोरी, ह्यो ढीग बी ब्याऐंशी आन् त्यो बी ब्याऐंशी? जुळे हायत का काय?” तीनशे चाळीस पिशव्या गोदामातच थांबवल्या. एकही बाहेर गेली नाही.

हा ८२ दुसऱ्या लॉटवर आला कुठून? मी तो दिलाच नव्हता. प्लांट मॅनेजर भागवत साहेब मला विचारून राहिलेत.

आपली,
आसिफा


आष्टी, २७ एप्रिल २०२४

कु. आसिफा यांस,

पत्र मिळालं. फोन केला नाहीस हे बरं केलंस. माझे दोन्ही कान गेले आहेत. कुकरच्या शिट्ट्या कळत नाहीत, म्हणून मी घड्याळ समोर ठेवून बसते. बुधवारपर्यंत थांबणं मला जमत नाही, तेव्हा हे पोस्टाने पाठवते आहे.

सर्व्हररूमच्या दाराच्या डाव्या हाताला भिंतीवर एक कागद आहे. तो वाचलास का? त्यावर लिहिलं आहे: ‘लेबल प्रोसिजर – चौथी जागा मोकळी सोडू नये. आकडा नसल्यास शून्य भरावे.’ खाली माझी सही आहे. कागद लॅमिनेट केलेला आहे, तेव्हा दिसला नाही असं सांगू नकोस. आकडा ऐच्छिक आहे, जागा ऐच्छिक नाही. तू जागाच सोडलीस. सोडलेल्या जागेत काय यावं हे मशीन ठरवतं आणि मशीन आधीच्या लॉटचं उचलतं.

ही चूक नवी नाही. २०११ साली सोमेश्वर नावाच्या माझ्या सहकाऱ्याने अशीच तीन पॅरामीटर देऊन कॉल केला. तेव्हा झुंबरबाई नव्हत्या. पिशव्या परतूर तालुक्यात गेल्या, लोकांनी पेरल्या आणि सरीच्या सरी मोकळ्या राहिल्या. कंपनीने बियाणं बदलून दिलं, पण पेरणीचे दिवस बदलून देता येत नाहीत. चूक मी शोधली आणि मीच साहेबांना दाखवली. सोमेश्वरला राजीनामा द्यावा लागला. त्यानंतर तो कागद लावला आणि तेरा वर्षं काही झालं नाही.

तुझ्या स्क्रीनमध्ये चौथ्या जागी शून्य भर आणि पुढच्या कामाला लाग. वह्या वाचतेस ते चांगलं आहे. भिंतीही वाचत जा.

दैवशाला


जालना, ३० एप्रिल २०२४

आदरणीय मॅडम,

शून्य भरलं. आता लेबल बरोबर निघतं. कागद होता, पण त्यावर खताच्या दुकानाचं कॅलेंडर टांगलेलं होतं. खिळा त्याच्याच वर आहे. तरी चूक माझीच.

लहान तोंडी मोठा घास घेते, माफ करा. मला ज्या सरांनी शिकवलं ते एक उदाहरण द्यायचे. उगवण तपासायच्या खोलीत टेबलावर चार ताटल्या असतात. कुणी तीन पुड्या आणल्या तर तीन ताटल्यांत बी घालतात. चौथी तशीच पडून असते, आणि ती धुतलेली असेलच असं नाही. तिच्यात मागच्याचे कोंब असू शकतात. तपासणाऱ्याने ताटल्या बघायच्या नाहीत, पुड्या किती आल्या ते आधी विचारायचं. सर म्हणायचे, “आधी मोजायचं, मंग हात लावायचा. आणणाऱ्याला चौथी पुडी न्हाई आणायची मुभा दिली ना? मंग मोजायचं काम तुझं.”

म्हणून विचारते. तुमची प्रोसिजर चौथ्याला हात लावण्याआधी किती आले ते मोजते का? ती ज्या आरपीजी भाषेत लिहिली आहे, तिच्यात त्यासाठी सोय आहे. मला तशी ओळ आत सापडली नाही. माझ्या नजरेतून सुटली असेल.

आपली,
आसिफा


आष्टी, ४ मे २०२४

कु. आसिफा यांस,

सुटलीच असेल.

ती प्रोसिजर मी लिहिली आहे. मी १९८१ साली संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले, वर्गात एकटी मुलगी होते. मोजायचं कसं ते मला ताटल्यांवरून शिकवायची गरज नाही. तुझे हे सर कोण? त्यांना म्हणावं, शिकवणं सोपं असतं, हंगामाच्या दिवसांत चार हजार पिशव्या रोज बाहेर काढून बघा.

माझ्या प्रोसिजरची छापील प्रत पाठव. पूर्ण पाठव, ओळींच्या नंबरांसकट. स्क्रीनचे फोटो नकोत.

दैवशाला


जालना, १४ मे २०२४

आदरणीय मॅडम,

प्रत सोबत जोडली आहे, सात पानं. उशीर झाला कारण प्रिंटर माझ्या हातात नव्हता. मला लेबलच्या कामावरून काढलं आहे. आठवडाभर गोदामात पिशव्या मोजते.

तुमचं पहिलं पत्र पोस्टाने ऑफिसच्या पत्त्यावर आलं, ते मला देण्याआधी टपाल घेणाऱ्या आवकमध्ये फोडून त्याची झेरॉक्स काढली गेली. ती नंतर भागवत साहेबांनी वाचली. मला बोलावलं आणि तुमचंच वाक्य मोठ्याने वाचलं: ‘कागद लॅमिनेट केलेला आहे, तेव्हा दिसला नाही असं सांगू नकोस.’ मग म्हणाले, “दैवशालाबाईंनी लिहून दिलंय. आता आणखी काय चौकशी करायची? २०११ला एकाला घरी पाठवलं होतं, नियम सगळ्यांना सारखा.” मी म्हटलं, साहेब, वहीत ऐच्छिक लिहिलंय. तर म्हणाले, “बाईंपेक्षा तुला जास्त कळतं का?”

मला नोटीस दिली आहे. सोमवारी, २० तारखेला निकाल आहे. घरी अजून सांगितलेलं नाही. अम्मी रोज डबा भरून देते आणि मी घेऊन येते.

तुम्ही मागच्या पत्रात सर कोण ते विचारलं होतं. ते नंतर सांगेन. आधी तुम्ही पान चार बघा. मी पेन्सिलने खूण केली आहे. खोडता येईल.

आपली,
आसिफा


आष्टी, १५ मे २०२४

आसिफा,

मुझफ्फर टेम्पो घेऊन परतीच्या वाटेवर दारात उभा आहे. पत्र पुरं होईपर्यंत हलायचं नाही असं मी त्याला बजावलं आहे. तो ओरडून काहीतरी सांगतो आहे. हातावरच्या घड्याळाला बोट लावतो, त्यावरून कळलं. त्याला म्हटलं, बैस ओट्यावर, ताक पी.

पान चार बघितलं. पुन्हा बघितलं. मग तुझी खूण खोडून कोऱ्या डोळ्यांनी सातही पानं बघितली.

मोजणारी ओळ नाही. कधीच नव्हती. चौथा शून्याहून मोठा असेल तर तो छाप, एवढंच मी लिहिलं आहे. चौथा आलाच आहे का, हे विचारलेलं नाही. वर माझ्याच हाताने तो ऐच्छिक केला आहे, म्हणजे न देण्याची परवानगी मी दिली. सोमेश्वरने ती परवानगी घेतली. तूही घेतलीस. दोघांनीही चूक केली नाही.

२०११ मध्ये मी सोमेश्वरचा प्रोग्राम ओळ न् ओळ तपासला होता. माझा उघडलाही नव्हता. त्याने एकदा म्हटलं होतं, “तुझा बी एकदा बघ ना.” मी म्हटलं, माझा बघायची गरज नाही. आणि मग जिथे एक ओळ लिहायची होती, तिथे मी एक कागद चिकटवला. कागदामुळे सगळे शून्य भरत गेले, म्हणून तेरा वर्षं काही दिसलं नाही. मला वाटत होतं माझी प्रोसिजर बरोबर आहे. तेरा वर्षं ती फक्त झाकलेली होती.

सोबत भागवत साहेबांच्या नावे बंद पाकीट आहे. ते तू त्यांच्या हातात दे, आवकमध्ये नको. त्यात हेच सगळं आहे, सहीनिशी. त्यांना सांग, त्याची एक प्रत सोमेश्वरच्या जुन्या फाइलीला लावा. फाइल रेकॉर्डरूममध्ये असेल. मी काही फेकत नसे.

प्रोसिजर दुरुस्त कर: चार आले असतील तरच चौथ्याकडे बघ. आणि कागद काढून टाक.

तुझा डबा मला पटला नाही. घरी सांग.

दैवशाला


जालना, २१ मे २०२४

प्रिय मॅडम,

पाकीट साहेबांच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. “हे बाईंनी स्वतः लिहिलंय?” म्हणाले. मी म्हटलं, अक्षर बघा. शेवटी म्हणाले, “जा, टेबलावर बस.” नोटीस मागे घेतली. सोमेश्वर यांची फाइल रेकॉर्डरूममधून काढली आणि तुमच्या पत्राची प्रत माझ्यासमोर टाचली. फाइलीत दोनच कागद होते, तुमचा अहवाल आणि त्यांचा राजीनामा. राजीनामा एका ओळीचा आहे.

प्रोसिजर दुरुस्त केली. मुद्दाम जुना लॉट छापून लगेच ताजा छापला. ६३ वर प्रोग्राम थांबला. झुंबरबाईंना बोलावून दाखवलं तर म्हणाल्या, “आता कसं, बिलकुल शान्यावानी थांबला बघ.” कागद काढला. मागे भिंतीवर पांढरा चौकोन राहिला आहे. अम्मीला सांगितलं. तिने रडून घेतलं आणि मग मलाच ओरडली.

आता सर कोण ते. सोमेश्वर सर.

परतूरला मोंढ्याच्या मागे त्यांचा क्लास आहे. मी दहावीपासून त्यांच्याकडे जायची. इथे नोकरी लागल्यावर चार महिने दर रविवारी त्यांनी मला आरपीजी शिकवलं, फी घेतली नाही. लेबलचा घोळ झाला तेव्हा मी आधी त्यांच्याकडेच गेले. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, “ते मला इचारू नको. आष्टीला दैवशालाबाई हायत, त्यांना लिही. फोन करू नको, त्यांना ऐकू येत न्हाई.” त्यांचं नाव मात्र सांगायचं नाही असं बजावलं होतं. तुम्ही पत्रात त्यांच्याबद्दल लिहिलंत ते वाचून मला कसंतरी झालं. तरी गप्प बसले. मॅडम, मी लपवलं, माफ करा.

रविवारी तुमच्या पाकिटाबद्दल त्यांना सांगितलं. ते फळा पुसत होते. पुसतच राहिले.

आपली,
आसिफा


आष्टी, २५ मे २०२४

सोमेश्वर,

तुला पत्र लिहिण्याचा हा तिसरा प्रयत्न. पहिल्या दोन्हींत मी कारणं लिहिली होती. ती फाडली.

चूक माझी होती. ते कंपनीला लिहून दिलं आहे आणि तुझ्या फाइलीला लागलं आहे. तेरा वर्षं उशिरा झालेल्या कामाला काय म्हणतात ते मला माहीत नाही. क्षमा मागते, पण तू ती द्यावीस असा आग्रह नाही.

चौदा वर्षं एका टेबलावर बसलो आपण. मध्ये एक टर्मिनल, तेही आळीपाळीने. तू गेल्यावर दुसरं टर्मिनल मिळालं. मी त्याच्यावर खोकं ठेवत असे.

इथे भावाचं घर रिकामं होतं म्हणून आले. भाऊ आणि मुलं पुण्यात असतात. ऐकू येत नाही म्हणून गावात माझ्याशी कुणी बोलत नाही, आणि मी कडक म्हणूनही. दोन्ही खरं आहे. दिवसभर एक शब्द बोलले नाही असे दिवस मी पंचांगावर खूण करून ठेवते. मे महिन्यात एकोणीस झाले.

मला काही विचारायचं आहे.

एक: तुझी तब्येत कशी आहे, क्लास कसा चालतो?

दोन: माझ्या प्रोसिजरमध्ये ती ओळ नाही, हे तुला तेव्हा माहीत होतं का? असेल तर बोलला का नाहीस?

तीन: मला ऐकू येत नाही हे तुला कसं कळलं? मी निवृत्त झाल्यावर ते सुरू झालं.

चार: परतूरहून आष्टीला एसटी तासाभराच्या आत येते. एखाद्या दिवशी येशील का? हा चौथा ऐच्छिक आहे. उत्तर नाही दिलंस तर त्या जागी मी माझ्या मनचं काही भरणार नाही. आलं नाही, एवढंच समजेन.

दैवशाला


परतूर, १० जून २०२४

सौ. किंवा श्रीमती काय लिहायचं ते कळेना, आणि तू का तुम्ही तेही. म्हणून नुसतं नाव लिहितो.

दैवशाला,

पत्र मिळालं. उत्तराला पंधरा दिवस लागले. क्लासला सुट्ट्या होत्या, तरी लागले.

एक. गुडघे गेलेत. बाकी ठीक. क्लासला पोरं अकरा हायत, त्यातली दोन-तीन आसिफासारखी निघतील. मिसेस वारली त्याला सहा वर्षं झाली.

दोन. माहीत होतं. त्याच दिवशी कळलं होतं. ऑगस्टमध्ये तुझं प्रमोशन व्हायचं होतं. आपल्या ऑफिसात बाईमाणसाला ते पहिल्यांदाच मिळून राह्यलं होतं. मी म्हटलं, दोघांपैकी एकाचं गेलं तर चालेल. एकदा सुचवलं, ‘तुझा बी बघ’ म्हणून. तू बघशील आणि मला येऊन सांगशील असं वाटलं होतं. मंग तू तो कागद टाइप केलास, लॅमिनेट करून आणलास आणि मी समोर बसलेला असताना भिंतीला लावलास. वर मला विचारलंस, “सरळ लागलाय का?” मी म्हटलं, बराबर लागलाय. तवापासून सांगायचं न्हाई असं ठरवलं.

तीन. मुझफ्फर टेम्पो घेऊन परतूरवरूनच जातो. चहाला थांबतो. मी विचारत असतो.

फाइलीला कागद लागला ते बरं झालं.

सोमेश्वर


आष्टी, १५ जून २०२४

प्रिय आसिफा,

सोमेश्वरचं पत्र आलं. तू विचारायच्या आधीच सांगते. चार प्रश्न होते, तीन उत्तरं आली.

पत्र हातात घेतलं तेव्हा पहिल्यांदा आकडेच मोजले. एक, दोन, तीन. मागची बाजू बघितली, कोरी होती. पाकिटातही काही नव्हतं. मग सावकाश वाचलं. तिसरं उत्तर वाचताना वाटलं, यातच चौथं असेल. तसं धरायचं नाही, हे मीच लिहिलं होतं. पत्र घडी करून ठेवलं.

कागद सरळ लागला आहे का, असं मी त्याला खरंच विचारलं होतं. आठवत नव्हतं. आता आठवतं.

इथे पेरण्या सुरू झाल्या आहेत. समोरच्या रानात आपल्याच कंपनीच्या पिशव्या दिसल्या. जाऊन लेबल बघून आले, ७८ टक्के. रानातल्या बाईने मला काहीतरी विचारलं, मी मान हलवली. काय विचारलं कुणास ठाऊक.

लेबलच्या प्रोसिजरसारख्या मी लिहिलेल्या आणखी सतरा आहेत, यादी तिसऱ्या वहीच्या शेवटी आहे. त्यांतल्या ज्यांत ऐच्छिक पॅरामीटर आहे त्या सगळ्या छापून दर बुधवारी एक-एक पाठव. मी बसून तपासते. या वेळी माझ्यापासून सुरुवात करू.

मुझफ्फरला सांग, दार ढकलून सरळ आत यायचं. तो वाजवत बसतो आणि मला कळत नाही. आता मी दिवसभर कडी लावत नाही.

दैवशाला